हायवेलगत बांधकाम करताय? बिल्डिंग लाईन, कंट्रोल लाईन आणि पुढच्या हिरव्या पट्ट्याचं गणित आधी नीट समजून घ्या

हायवे टच प्लॉट म्हटलं की भाव लगेच वर जातो आणि घेणारा पण खुशीत देतो, कारण डोळ्यासमोर असतं हॉटेल, गोडाऊन, शोरूम नाहीतर निदान चार गाळे. पण ज्या पुढच्या पट्ट्यासाठी आपण सगळ्यात जास्त पैसे मोजतो नेमका तोच पट्टा बांधकामाला चालत नाही, आणि ही गोष्ट खरेदीखत झाल्यावर, कधीकधी तर जोत्याचं काम झाल्यावर नोटीस आली की कळते. प्लॉट बघण्यापासून झाडं लावण्यापर्यंत काय काय करायचं ते इथे क्रमाने लिहितोय, मुख्यतः महाराष्ट्रातल्या राष्ट्रीय महामार्ग आणि राज्य मार्गांच्या हिशोबाने.

आधी चार रेषा डोक्यात पक्क्या करा

पहिली रस्त्याची मध्यरेषा, सगळे सेंटर लाईन म्हणतात. दुसरी रस्त्याची हद्द, म्हणजे सरकारने संपादित केलेली जमीन जिथे संपते ती. डांबर संपतं तिथे हद्द संपत नाही बरं का, डांबराच्या पुढे साईडपट्टी, गटार, केबल, पाईपलाईन आणि पुढच्या रुंदीकरणासाठी राखलेली जागा असं सगळं त्या हद्दीत येतं. तिसरी बिल्डिंग लाईन, जिच्या अलीकडे रस्त्याच्या बाजूला बांधकाम करायचं नाही. चौथी कंट्रोल लाईन, बिल्डिंग लाईन आणि तिच्यामधल्या पट्ट्यात बांधता येतं पण हायवेवाल्यांची परवानगी घेऊनच.

आकडे कुठून येतात? इंडियन रोड्स काँग्रेसचं आयआरसी ७३ नावाचं १९८० चं मानक आहे, त्यात मोकळ्या सपाट भागातल्या राष्ट्रीय आणि राज्य मार्गाला दोन्ही बाजूंच्या बिल्डिंग लाईनमधलं अंतर ८० मीटर आणि कंट्रोल लाईनमधलं १५० मीटर धरलंय. म्हणजे मध्यरेषेपासून एका बाजूला ४० मीटर आणि ७५ मीटर, हेच ते ४० आणि ७५ जे तुम्हाला प्रत्येक एजंट आणि आर्किटेक्टच्या तोंडी ऐकू येतात. प्रमुख जिल्हा मार्गाला त्याच मानकात ५० आणि १०० मीटर आहे, म्हणजे मध्यापासून २५ आणि ५०. वस्तीच्या भागात हिशोब वेगळा, तिथे राष्ट्रीय आणि राज्य मार्गाच्या हद्दीपासून ३ ते ६ मीटर आत असं धरतात.

आता हे झालं मानक. महाराष्ट्रात कायद्याचं बळ देतो १९५५ चा मुंबई महामार्ग अधिनियम, ज्याला आता महाराष्ट्र महामार्ग अधिनियम म्हणतात. त्याच्या कलम ७ प्रमाणे महामार्गाची हद्द, बिल्डिंग लाईन आणि कंट्रोल लाईन ठरवली जाते आणि कलम ९ मध्ये त्या पट्ट्यात काय करायला परवानगी लागते ते आहे. सार्वजनिक बांधकाम विभागाचा ९ मार्च २००१ चा शासन निर्णय पण आहे, त्यात रस्त्याच्या वर्गाप्रमाणे आणि नागरी-बिगरनागरी भागाप्रमाणे अंतरं वेगवेगळी दिलीत, म्हणून राज्य मार्ग किंवा जिल्हा मार्ग असेल तर तोंडी ४०-७५ वर जाऊ नका, तुमच्या रस्त्याचा आकडा ऑफिसकडून लेखी घ्या. राष्ट्रीय महामार्गाची जमीन आणि तिच्यावर उघडणारे रस्ते यासाठी केंद्राचा २००२ चा वेगळा कायदा आहे, तो पुढे येईलच.

आणि पाचवी गोष्ट म्हणजे मार्जिन, इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा. राज्यात ३ डिसेंबर २०२० पासून लागू झालेली एकत्रीकृत नियमावली, सगळे यूडीसीपीआर म्हणतात, ती बृहन्मुंबई आणि काही ठराविक क्षेत्रं सोडून बहुतेक सगळीकडे चालते आणि तिच्यात पुढचं, बाजूचं, मागचं मार्जिन दिलंय. हायवेच्या बाजूला तत्त्व सोपं आहे, नियमावलीचं पुढचं मार्जिन आणि हायवेची बिल्डिंग लाईन यापैकी जे जास्त आत घेऊन जाईल ते पाळायचं. लोक नियमावलीतलं मार्जिन बघून खूश होतात आणि ४० मीटरचं विसरतात, नोटिशीची पहिली बीजं तिथेच पडतात.

एक खरंखुरं गणित

वीस गुंठ्यांचा प्लॉट धरा, म्हणजे साधारण २०२३ चौरस मीटर. रस्त्याला लागून ४० मीटर फ्रंट आणि साधारण ५० मीटर खोली. हायवेची एकूण हद्द ४५ मीटर आणि मध्यरेषा बरोब्बर मध्ये, म्हणजे मध्यापासून तुमच्या बांधापर्यंत २२.५ मीटर. बिल्डिंग लाईन ४० मीटरवर, म्हणजे तुमच्या प्लॉटमध्ये १७.५ मीटर आत. १७.५ गुणिले ४० केलं तर ७०० चौरस मीटर, जवळपास ७ गुंठे. वीस गुंठ्यांतले सात गुंठे बांधकामातून गेले. कंट्रोल लाईन ७५ मीटरवर, म्हणजे तुमच्या बांधापासून ५२.५ मीटर, आणि प्लॉटची खोलीच ५० मीटर आहे, म्हणजे उरलेल्या तेरा गुंठ्यांत जे काही बांधाल त्याला पण हायवेची परवानगी लागणारच.

आता यात एक गोम आहे. चौपदरीकरण करताना जमीन बऱ्याचदा एकाच बाजूने घेतली जाते आणि मग मध्यरेषा सरकते. समजा हद्द ४५ मीटरच आहे पण नवीन मध्यरेषा तुमच्या बांधापासून १८ मीटरवर आली, तर बिल्डिंग लाईन २२ मीटर आत येते आणि सातऐवजी जवळपास पावणेनऊ गुंठे जातात. शेजाऱ्याने पंधरा वर्षांपूर्वी जिथे बांधलं तिथेच रेषा धरून आपण बांधलं तर चालेल असं समजू नका, त्याच्या वेळची मध्यरेषा आणि आजची वेगळी असू शकते.

एक दिलासा, बिल्डिंग लाईनच्या पुढची जमीन तुमचीच राहते, सातबारा तुमच्या नावावर, एफएसआयच्या (प्लॉटवर एकूण किती बांधता येतं त्याच्या) हिशोबातून पण ती आपोआप वजा होत नाही. वजा होते ती संपादनात किंवा रुंदीकरणात गेलेली जमीन. हे दोन पट्टे लोक कायम एकमेकांत मिसळतात.

खरेदीच्या आधी कागद

सातबारा आणि आठ अ तर सगळेच काढतात. हायवेला त्यापुढे जायला लागतं. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन १९५६ च्या कायद्याने घेतात, आधी कलम ३ए ची (जमीन घ्यायचा इरादा) अधिसूचना निघते, मग कलम ३डी ची (संपादनाची घोषणा), आणि ३डी प्रसिद्ध झाली की जमीन केंद्र सरकारची होते. पण फेरफार मारायला, कमी-जास्त पत्रक (बदललेल्या क्षेत्राची नोंद) व्हायला वेळ लागतो, तोवर सातबाऱ्यावर जुनंच क्षेत्र आणि जुनंच नाव दिसतं. म्हणून प्रांत ऑफिसच्या भूसंपादन शाखेत जाऊन आपला गट नंबर ३ए, ३डी च्या यादीत आहे का, किती क्षेत्र गेलं, मोबदल्याचा निवाडा झाला का हे बघाच, विकणारा मोबदला घेऊन तेच क्षेत्र परत विकत नाहीये ना हे तिथेच कळतं.

मग नगर रचना ऑफिसमधून झोन दाखला आणि भाग नकाशा. त्यावर हायवेची प्रस्तावित रुंदी, सर्व्हिस रोड, बायपास काही दाखवलंय का बघायचं. झोन शेतीचा असेल तर हायवे टच असूनही तिथे काय चालतं आणि काय नाही ते नियमावलीतून आधी तपासा.

हायवेचा नंबर पण नीट बघा. २०१० साली नंबर बदलले पण जुन्या खरेदीखतात, जुन्या नकाशांवर आणि लोकांच्या बोलण्यात जुनेच आहेत. पुणे-सातारा-कोल्हापूरचा जुना ४ नंबर आता ४८ आहे, मुंबई-गोवा १७ चा ६६ झाला, पुणे-सोलापूर ९ चा ६५, पुणे-नाशिक ५० चा ६०. अर्जात चुकीचा नंबर टाकला तर कागद भलत्याच ऑफिसात फिरत बसतो. आणि बायपास झाला असेल तर गावातून जाणारा जुना हायवे आता कोणाकडे आहे, तो अजून राष्ट्रीय महामार्ग आहे की राज्याकडे किंवा पालिकेकडे आलाय, हे विचारूनच पुढे जा, कारण अंतरं त्यावरच ठरतात.

मग जागेवर मोजणी

भूमी अभिलेखकडून मोजणी करून क प्रत (मोजणीचा अधिकृत नकाशा) घ्या आणि मोजणीच्या दिवशी हायवेच्या हद्दीचे दगड शोधा. बऱ्याच ठिकाणी ते मातीखाली गेलेले असतात, कुठे शेतकऱ्याने उपटून बांधावर टाकलेले असतात. दगड सापडला नाही तर हायवे ऑफिसकडून त्या किलोमीटरचा हद्दीचा नकाशा मागायचा, देत नसतील तर माहिती अधिकारात अर्ज टाका, तीस दिवसांची मुदत असते.

त्यानंतर तुमच्या सर्व्हेअरकडून टोटल स्टेशनने (मोजणीच्या यंत्राने) मध्यरेषा, डांबराची कड, हद्द, गटार, विजेचे खांब, झाडं सगळं एका नकाशावर घ्या आणि त्यावर ४० आणि ७५ च्या रेषा मारा. रस्ता वळणावर असेल तर एकाच ठिकाणी मोजून सरळ रेघ मारू नका, मध्यरेषा जशी वळते तशी बिल्डिंग लाईन पण वळते, प्लॉटच्या एका टोकाला १७ मीटर आणि दुसऱ्या टोकाला २१ असं सहज होतं. दर दहा मीटरला एक माप घेतलं की चित्र स्पष्ट होतं. जमिनीवर चुन्याची फक्की मारून बघा, खुंट्या ठोका, घरच्यांना उभं करून दाखवा. कागदावरचे सात गुंठे आणि डोळ्यांनी बघितलेले सात गुंठे यात फार फरक वाटतो आणि भावाची बोलणी पण मग वेगळी होतात.

परवानगी कोणाकडे

राष्ट्रीय महामार्ग म्हणजे एनएचएआयच (राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण) असं नसतं. महाराष्ट्रात काही लांबी एनएचएआयकडे, काही सार्वजनिक बांधकामच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे, काही एमएसआरडीसीकडे (राज्य रस्ते विकास महामंडळ) आहे. राज्य मार्ग आणि जिल्हा मार्ग मुख्यतः सार्वजनिक बांधकामकडे. आधी कुठल्या किलोमीटरवर आहात ते लिहून घ्या, रस्त्याची डावी बाजू की उजवी ते पण, सगळा कारभार त्या किलोमीटरवर चालतो.

बांधकाम परवानगी मात्र नियोजन प्राधिकरणाची, म्हणजे महापालिका, नगरपालिका, पीएमआरडीए सारखं प्राधिकरण किंवा ग्रामीण भागात जिल्हाधिकारी यंत्रणा. हायवेचा ना हरकत हा त्या फाईलमधला एक कागद. ग्रामपंचायतीचा ठराव किंवा घरपट्टीची पावती म्हणजे परवानगी नाही हे कितीदा सांगितलं तरी कमीच, हायवेवर तर अजिबातच नाही.

आणि बांधकाम म्हणजे फक्त चार भिंती नव्हे. हद्द आणि बिल्डिंग लाईनच्या मधल्या पट्ट्यात इमारत, रस्त्यावर उघडणारी वाट आणि खोदकाम तिन्ही परवानगीच्या कक्षेत येतात. त्यामुळे दगडी कंपाउंड, पत्र्याची शेड, पाण्याची टाकी, विहीर, शेततळं, सेप्टिक टँक यातलं काहीही करायच्या आधी विचारा. माझं स्पष्ट मत असं की सेप्टिक टँक आणि बोअर तर परवानगी मिळाली तरी पुढे घेऊ नका, उद्या सर्व्हिस रोड किंवा सहापदरी आला की पहिला घाव त्यावरच पडतो.

ढाबा-हॉटेलवाले आणखी एका आकड्यात गोंधळतात. दारूच्या दुकानांचं ५०० मीटरचं अंतर सुप्रीम कोर्टाच्या डिसेंबर २०१६ च्या निकालातलं आहे, वीस हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावांना मार्च २०१७ मध्ये ते २२० मीटर केलं. त्याचा बिल्डिंग लाईनशी काही संबंध नाही.

गेट कुठून काढणार

प्लॉट हायवेला लागून आहे म्हणजे हायवेवर गेट काढायचा हक्क आपोआप मिळतो असं नाही. राष्ट्रीय महामार्गावर २००२ च्या कायद्याने प्रवेशासाठी परवानगी लागते आणि मंत्रालयाचे २०२० चे मार्गदर्शक नियम आहेत. पेट्रोल पंप, मोठं हॉटेल, गोडाऊन असेल तर गाडी वेग कमी करत आत वळेल आणि वेग घेत बाहेर पडेल अशा वेगळ्या लेन दाखवायला लागतात, त्याचा खर्च आपला आणि त्याला फ्रंटही भरपूर लागतो. पंपाला आयआरसी १२ मधली चौक, वळण आणि दुसऱ्या पंपापासूनची अंतरं पण बघायची. समृद्धी किंवा मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या कडेला जमीन असेल तर थेट गेटचा विषयच नाही, ते रस्ते बंदिस्त आहेत, तिथे "एक्सप्रेसवे टच" या शब्दाला काडीची किंमत देऊ नका.

गेटसमोरचं गटार बुजवणं हा आपल्याकडचा फार मोठा रोग आहे. प्रत्येकजण आपल्यापुरता मुरूम टाकून गटार बंद करतो आणि पहिल्या मोठ्या पावसात पाणी हायवेवर येतं, गाड्या घसरतात, माणसं मरतात. मंजूर नकाशाप्रमाणे ह्यूम पाईप किंवा स्लॅबची मोरी टाका, दोन्ही तोंडं उघडी ठेवा, जूनच्या आधी साफ करा. यात कंजूषी करू नका अशी कळकळीची विनंती आहे.

आता तो पुढचा पट्टा

बहुतेक लोक या सतरा-अठरा मीटरवर पेव्हर टाकून मोकळे होतात किंवा ट्रक लावायला देतात. पार्किंगचा मंजूर हिशोब या पट्ट्यात बसवू नका, पुढे जमीन संपादनात गेली की पार्किंगच गेलं. पार्किंग बिल्डिंग लाईनच्या आत, आणि हा पट्टा हिरवा. धूळ अडते, समोरच्या दिव्यांचा झोत खिडकीत येत नाही, उन्हाळ्यात अंगण संध्याकाळी पाचला तापलेलं नसतं. आवाजाबद्दल मात्र खोटी आशा ठेवू नका, झाडांच्या एका ओळीने ट्रकचा आवाज फारसा कमी होत नाही, रुंद आणि जमिनीपासून दाट पट्टा असेल तर थोडा फरक पडतो.

रस्त्याच्या बाजूने बुटकं आणि आत जाऊ तसं उंच, हे सूत्र. वरच्या उदाहरणातल्या १७.५ मीटरमध्ये मी असं करेन: हद्दीपासून पहिले तीन मीटर फक्त गवत आणि पावसाच्या पाण्याची चर, काही खोदून बांधायचं नाही. पुढच्या तीन मीटरमध्ये झुडपांच्या दोन ओळी, एकीची झाडं दुसरीच्या फटीत येतील अशा. अडुळसा आणि निर्गुडी सगळ्यात बेस्ट, शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत, पाणी कमी लागतं आणि छाटलं की दाट होतात. कण्हेर हायवेच्या दुभाजकात सगळीकडे दिसते पण ती विषारी आहे, जिथे गुरं फिरतात किंवा लहान मुलं खेळतात तिथे लावू नका. त्यामागे सातव्या-आठव्या मीटरवर मध्यम झाडं, बहावा, ताम्हण, करंज, पाच-सहा मीटर अंतराने. बाराव्या मीटरच्या आसपास कडुनिंब, आठ-दहा मीटर अंतराने. शेवटचे चार-पाच मीटर मोकळे, तिथून अग्निशमनची गाडी फिरली पाहिजे आणि मुळं पायापासून लांब राहिली पाहिजेत.

गुलमोहर दिसतो छान पण वादळात फांद्या मोडतात आणि अख्खं झाड पण आडवं होतं, हायवेच्या बाजूला नकोच. वड-पिंपळ लावायचा तर एकच, कोपऱ्यात, विजेच्या तारांपासून खूप लांब. सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावचा सुमारे चारशे वर्षांचा वड वाचवायला २०२० मध्ये रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या कामाची आखणी बदलायला लागली होती, इतकी ताकद एका झाडात असते, पण त्याला जागा पण तशीच लागते. तारांखाली उंच झाड कुठलंच नको, आणि इमारत पण ३३ केव्ही लाईनपासून आडवं किमान २ मीटर अंतर ठेवूनच.

गेटच्या दोन्ही बाजूंना झुडपं कमरेच्या खाली ठेवा, गेटजवळ तर गुडघ्याएवढीच. ड्रायव्हरची नजर आयआरसीमध्ये रस्त्यापासून १.२ मीटर उंचीवर धरलीये, त्याला बाहेर निघताना दोन्हीकडचा रस्ता दिसलाच पाहिजे. बोगनवेल गेटवर चढवायची फार हौस असते लोकांना, ती आतल्या बाजूला चढवा.

प्लॉट मोठा असेल, ४००० चौरस मीटर किंवा जास्तीचा लेआऊट, तर नियमावलीप्रमाणे १० टक्के मोकळी जागा वेगळी सोडायची असते. ती आणि हा पट्टा एकच असं गृहीत धरून नकाशा काढू नका, मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याला आधी विचारा.

हायवेच्या हद्दीत स्वतःहून झाडं लावू नका आणि तिथली तोडू पण नका. केंद्राचं २०१५ चं हरित महामार्ग धोरण आहे, त्यात प्रकल्प खर्चाचा १ टक्का झाडांसाठी ठेवायचा असतो, तिथलं नियोजन त्यांचं. शोरूम दिसावं म्हणून रस्त्याकडची झाडं रातोरात तोडणारे किंवा बुंध्यात काहीतरी ओतून वाळवणारे बघितले की फार वाईट वाटतं. गुन्हा तर आहेच, पण ज्या झाडाच्या सावलीत गिऱ्हाईक गाडी थांबवतं तेच आपण मारतोय एवढं तरी कळायला हवं.

लावणीचं थोडक्यात: खड्डे एप्रिल-मेमध्येच, मुरमाड जमिनीत किमान दोन फूट लांब-रुंद-खोल, ऊन खाऊ द्यायचं, मग माती आणि कुजलेलं शेणखत भरायचं. दोन चांगले पाऊस झाले की लावायचं, रोप पाच-सहा फुटी असेल तर जगायची शक्यता जास्त. काळ्या जमिनीत पाणी साचत असेल तर थोडं उंचवट्यावर लावा. पहिले तीन उन्हाळे ठिबक आणि बुंध्याशी पालापाचोळा, यात खंड पडला तर झाड जातं.

आणि लावून झालं की ई-पीक पाहणीत झाडांची नोंद करून घ्या, फोटो तारखेसकट ठेवा, त्याच फाईलमध्ये क प्रत, हायवेचा ना हरकत, मंजूर नकाशा आणि गेटच्या परवानगीची प्रत लावा. पुढे कधी रुंदीकरणाला जमीन गेली तर झाडांचं मूल्यांकन वेगळं होतं, आणि पंचनाम्याला माणसं येतात तेव्हा नोंद असलेलं झाड आणि तोंडी सांगितलेलं झाड यात मोबदल्याचा सरळ फरक पडतो.